शुध्द चहा

६ फेब्रुवारी

लेकीने तिच्या मावशीला पाठवलेला मजकूर आज माझ्या हाती आला. मावशीने, म्हणजे माझ्या मेहुणीने, तो मलाच पुढे पाठवला आणि खाली लिहिले, "भावोजी, वाचा. पण मी पाठवलं म्हणू नका." मजकूर असा:

"आई गेल्या पासून बाबांचं काही खरं नाही. प्रत्येक वस्तू दोन प्रकारची आणतात, एक भारीतली, एक स्वस्तातली. विचारलं तर म्हणतात आईने आणली. तीन महिने हे सुरु आहे. त्यांना इकडेच घेऊन यावं म्हणते."

प्रथम शुद्धलेखन. 'गेल्यापासून' हा एक शब्द आहे. शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडून लिहावे, हे मी या मुलीला ती दुसरीत असताना शिकवले होते. 'सुरू'मधला दुसरा उकार दीर्घ. घाईत लिहिले, असे ती म्हणेल. घाईत माणूस आपले नाव चुकवत नाही.

आता वस्तुस्थिती. हे तीन महिने चाललेले नाही. ही गेली २१ ऑक्टोबरला आणि पहिले निळे पाकीट आढळले २७ जानेवारीला. शिवाय, दोन प्रकारच्या वस्तू मी आणत नाही. मी सोनेरी पाकिटाचा चहा आणतो, त्याच कंपनीचे मीठ आणि तिचीच दूध पावडर आणतो. आजवर दुसरे काही आणलेले नाही. आणि "आईने आणली" असे मी म्हटलेले नाही. मी म्हणालो होतो, "आणले गेले आहे." या दोन वाक्यांत किती अंतर आहे, हे ज्याला कळत नाही त्याने दुसऱ्याच्या तोंडी वाक्ये घालू नयेत.

आयुष्यभर मी इतरांची मुद्रिते तपासली. छापून येण्याआधी प्रत्येक पानावर माझे लाल पेन फिरत असे. स्वतःचे पान लिहिण्याची वेळ आता आली आहे. लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी माझ्या नावावर भलता मजकूर खपवणार नाही.

७ फेब्रुवारी

निळे पाकीट म्हणजे काय, ते लिहिणे राहिले.

आमच्या रस्त्याच्या टोकाला किराणा सामानाचे मोठे दुकान आहे. त्यात नामांकित कंपन्यांचा माल असतो आणि खालच्या फळीवर दुकानाचा स्वतःचा माल, निळ्या कागदात बांधलेला. हा निळा माल त्या दुकानाखेरीज अन्यत्र कुठेही मिळत नाही. मिळू नये हेच बरे. चहाच्या पाकिटावर ठळक अक्षरांत छापले आहे: 'शुध्द चहा'. वास्तविक या शब्दात आधी अर्धा द आणि मग पूर्ण ध यावा. पाकिटावर ते दोघे जागा बदलून बसले आहेत. मिठाच्या पिशवीवर 'बारिक मिठ'. दोन शब्द, दोन्ही ऱ्हस्व, दोन्ही चूक. दूध पावडरीवरचे 'दुध' लिहितानाही हात आखडतो.

हिला मात्र निळाच माल हवा असे. आमच्या संसारात यावरून भांडण एकच झाले, पण ते शेवटपर्यंत चालले.

"ज्याला शुद्ध हा शब्द शुद्ध लिहिता येत नाही, तो चहा काय शुद्ध ठेवणार?" मी म्हणत असे.

"आणि ज्याला लिहिता येतं, तो भुसा मिसळत नाही असं कुठं छापलंय? तेही दाखवा की एकदा." ही कधी आवाज चढवत नसे, त्यामुळे उत्तर देणे अवघड जाई. "तुमचं ते सोनेरी म्हणजे अत्तर टाकलेलं गरम पाणी. तुम्ही चहा पिता की वाचता, ते तरी ठरवा."

शेवटी तह झाला. दोन डबे, दोन पातेली. रोज सकाळी शेगडीवर एकीकडे माझा चहा, दुसरीकडे हिचा. हिचा काळपट, कडक, घरभर वास सोडणारा. ही गेल्यावर लेकीने फडताळ आवरताना हिचा अर्धा डबा रिकामा करून धुऊन उपडा घातला. 

२७ जानेवारीला सोनेरी पाकिटामागे निळे पाकीट होते. नवे, न फोडलेले. आणि त्यावरचा 'ध्द' लाल शाईने दुरुस्त केलेला होता. नुसता खोडलेला नव्हे; जोडाक्षरावरून आडवा वळसा, कडेला 'द्ध' आणि त्याला तिरकी रेघ, अगदी आमच्या छापखान्याच्या पद्धतीने. ही खूण छापखान्याबाहेर कोणाला ठाऊक नाही. मी घरी मुद्रिते तपासत असे तेव्हा ही शेजारी भाजी निवडत बसे. इतकी वर्षे बघून बघून शिकली असणार.

जिवंतपणी हिने माझी एकही दुरुस्ती मान्य केली नाही. आता करते आहे. याचा अर्थ मला लावता येत नाही. पण पाकीट परत ठेवताना दुरुस्त केलेला शब्द समोर येईल असे ठेवले, हे नोंदवणे भाग आहे.

१० फेब्रुवारी

लेक आली होती. येताच फडताळ उघडले. मी समोर असताना पाहुणीने फडताळ उघडावे हे मला रुचत नाही; पण ती पाहुणी नाही, असे तिचे म्हणणे.

"बाबा, हे कुठून आलं?"

"आणले गेले असावे."

"कोणी?"

"ते वाक्यात नाही."

ती खुर्ची ओढून समोर बसली. "मी लहान असताना कपाटाची काच फुटली. मी म्हटलं, काच फुटली. तुम्ही मला भिंतीशी उभं केलंत. म्हणालात, कर्ता कोण? 'मी काच फोडली' असं म्हणेपर्यंत बसू दिलं नाहीत. आता मी विचारते. कर्ता कोण, बाबा?"

मी तिला सांगितले की उदाहरण सदोष आहे. 'फुटणे' हे अकर्मक क्रियापद. तिथे कर्ता काचच. तेव्हा मी तिला 'फोडणे' वापरायला लावले ते याचसाठी.

तिने दोन्ही हात डोक्यावर मारून घेतले आणि हसू लागली. "घराला आग लागली ना, तरी तुम्ही बंबवाल्यांचं आधी व्याकरण तपासाल!" मग हसता हसताच तिचे डोळे भरले. "बाबा, मला भीती वाटते हो. आज चहा आहे. उद्या गॅस असेल. दार उघडं असेल. मी तिकडे ऑफिसात बसते आणि माझं अर्धं लक्ष तुमच्या शेगडीवर."

"माझ्या हातून शेगडी कधी चालू राहिलेली नाही."

"तुम्हाला आठवतं तेवढं तरी."

हे वाक्य तिने हळू उच्चारले, तरी मला ऐकू आले. मग तिनेच अट घातली. या महिन्याच्या अखेरपर्यंत घरात पुन्हा एखादे निळे पाकीट आले, तर घराला कुलूप घालून मी तिच्याकडे राहायला जायचे, कायमचे. आले नाही, तर ती हा विषय कधीही काढणार नाही. मी तत्काळ मान्य केले. मी पाकीट आणत नाही. मग मला कसली धास्ती?

जाताना ते पाकीट ती घेऊन गेली.

ती गेल्यावर या खोलीत बसलो आणि अटीचा दुसरा अर्थ डोक्यात शिरला. पाकीट आले तर मी घर हरतो. न आले तर घर राहील, पण ही पुन्हा येणार नाही. अट मान्य करताना मी वाक्य पुरते वाचले नव्हते. असा मी कधी चुकत नसे.

१२ फेब्रुवारी

फडताळ पाहिले. काही नाही.

१३ फेब्रुवारी

काही नाही. सोनेरी चहा केला. अत्तर टाकलेले गरम पाणी, हे वर्णन अन्यायाचे आहे. पण आज ते घशाखाली उतरेना.

१५ फेब्रुवारी

साखर संपली म्हणून दुकानात गेलो. गल्ल्यावर नवी बाई आहे, डिसेंबरपासूनची. माल चांगला, हिशेब चोख, पण दुकानाच्या फळ्यावर तिने 'ताजि फळे' लिहिले होते, ते मी पहिल्याच भेटीत सुधारून दिले. तेव्हापासून ती मला मास्तर म्हणते. मी शिक्षक नव्हतो, मुद्रितशोधक होतो, हे सांगून पाहिले. "तेच ते हो, चुका काढणारे," म्हणाली.

आज तिने माझी पिशवी भरता भरता विचारले, "मास्तर, आज एकच?"

"मी कधी दोन पिशव्या नेल्या?"

"पिशवी नाही हो..." ती पुढे काही बोलणार होती, पण मागचा माणूस सुटे नसल्यावरून तिच्याशी वाद घालू लागला. मी निघालो. हल्लीच्या लोकांना प्रश्न पुरा करण्याची सवय राहिलेली नाही.

१८ फेब्रुवारी

मीठ.

दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो. उठून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर ओट्यावर निळी पिशवी. 'बारिक मिठ'. दोन्ही वेलांट्या लाल शाईने दीर्घ केलेल्या. मी बोट फिरवले आणि बोट लाल झाले. शाई ओली होती.

म्हणजे ही आत्ताच येऊन गेली. मी आत निजलो असताना इथे, या ओट्याशी उभी राहून, माझ्या पेनाने. पेनही तिथेच होते, टोपण काढलेले. हिला टोपण लावायची सवय कधीच नव्हती, यावरून मी किती बोललो असेन. मी मात्र पेन असे उघडे टाकणार नाही, हे मला ओळखणारा कोणीही सांगेल.

मी हिला हाक मारली. बाहेरून कोणी ऐकले असते तर हसले असते. हाक मारल्यावर घर फार मोठे झाले. कुठेतरी नळ ठिबकत होता. मी वाट पाहत उभा राहिलो, आणि आपण काय करतो आहोत हे कळूनही उभाच राहिलो.

मग मी एक गोष्ट केली, जी मला शोभत नाही. पिशवी लपवली. शब्दकोशांच्या रांगेमागे, भिंतीच्या बाजूला. लेकीला दिसली तर घर जाईल, आणि घर गेले तर ही कुठे येईल? हिला नवा पत्ता ठाऊक नाही.

२१ फेब्रुवारी

पुन्हा चहा आला आहे. पाकिटावर दुरुस्ती आहेच. या वेळी मी ते लपवण्याआधी फोडले. हिचे पातेले शोधायला गेलो, तर ते मांडणीवर उपडे होते आणि ओले होते. मी ते वापरलेले नाही.

दोन कप मांडले. माझ्यात सोनेरी, हिच्यात निळा. तोच वास, सगळ्या घरात शिरणारा. दाराच्या फटीतून शेजारच्यांनाही कळला असेल. हिच्या खुर्चीसमोर हिचा कप ठेवला आणि मी खिडकीकडे तोंड करून बसलो. मी पाहत असलो तर ही पिणार नाही, कशाला ताटकळत ठेवा, असे वाटले. रस्त्यावर एक बाई कुत्र्याला फिरवत होती. कुत्रा एकाच खांबाशी थांबून राहिला होता आणि बाई त्याला समजावत होती. ते बघण्यात बराच वेळ गेला असावा.

वळून पाहिले तर हिचा कप रिकामा होता. तळाला चहापूड तेवढी.

माझा कप भरलेला होता, वर साय धरलेली. माझ्या तोंडात मात्र कडवट चव होती. वास इतका उग्र की जिभेवरही उतरतो, असे मी अनुमान काढले. हे अनुमान मी येथे लिहितो खरा, पण ते दुसऱ्या कोणी लिहिले असते तर मी त्याच्या कडेला प्रश्नचिन्ह काढले असते.

२३ फेब्रुवारी

आज एका गोष्टीचा विचार करीत बसलो. आपल्या भाषेत 'चहा आणला' म्हटले की क्रियापद चहाकडे बघते, आणणाऱ्याकडे नाही. मी आणला, हिने आणला, लेकीने आणला. तिन्ही ठिकाणी 'आणला'च. 'मीठ आणले', 'पावडर आणली'. वस्तू बदलली की क्रियापद बदलते. माणूस बदलला तरी ते ढिम्म. कर्ता गाळला तर वाक्य तक्रार करीत नाही. मागे खूणही उरत नाही.

मागची पाने चाळली. बहुतेक वाक्यांत मी 'मी' लिहिलेला नाही. संक्षेपासाठी गाळला, अशी माझी समजूत होती.

२६ फेब्रुवारी

हे पान लिहायचे नव्हते. लिहितो.

लेक लवकर आली. फडताळ पाहिले, काही आढळले नाही. तिचा चेहरा उजळला. "बाबा, जिंकताय की तुम्ही!" म्हणाली आणि खरोखर आनंदली. तिलाही मला न्यायचे नव्हते, हे मला तेव्हा समजले. साबण हवा होता, म्हणून आम्ही दोघे चालत दुकानात गेलो. तिने माझा हात धरला होता. ऊन चांगले होते.

मी साबण आणि सोनेरी चहा घेतला. गल्ल्याशी आलो. बाईने आम्हा दोघांकडे पाहिले आणि हसून गल्ल्याखालून निळे पाकीट काढून वर ठेवले.

"आज तुमची खेप वाचवली, मास्तर. काढूनच ठेवलं होतं."

"हे कोणासाठी?" लेकीने विचारले.

"तुमच्या आईंसाठी ना. मास्तरांचं ठरलेलं आहे. सगळं घेतात, इथपर्यंत येतात, पैसे काढतात आणि मग थांबतात. म्हणतात, 'हिचं राहिलं.' की पुन्हा मागे, खालच्या फळीकडे. मी लागल्यापासून बघते. म्हटलं, वयस्कर माणूस, कशाला दरवेळी वाकायला लावायचं." मग तिने आवाज खाली आणला. "कशा आहेत त्या? कधी दिसल्या नाहीत. झोपूनच असतात का?"

बाईने एकदा लेकीकडे, एकदा माझ्याकडे पाहिले आणि ती पुढच्या माणसाचा माल ओढू लागली. तो माणूस अजून आलाही नव्हता.

मी साक्ष नाकारणार होतो. गल्ल्यासमोर रोज शेकडो माणसे येतात. कोणाची तरी गोष्ट तिने माझ्या अंगाला चिकटवली, असे म्हणता आले असते. पण ते वाक्य. 'हिचं राहिलं.' ही बाई स्वतःहून बोलली असती तर 'मिसेसचं' म्हणाली असती, 'बायकोचं' म्हणाली असती. जे माणूस जवळ आहे त्याच्यासाठी 'ही', जे दूर आहे त्याच्यासाठी 'ती'. मेहुणी मला चारदा म्हणाली की भावोजी, आता 'ती' म्हणायला शिका. मी शिकलो नाही. त्या दुकानात, त्या गल्ल्याशी 'ही' म्हणणारा माणूस एकच असू शकतो.

साक्षीदार बाई होती, पण वाक्य माझे होते. लेखक कोण, हे मला वाक्यावरून ओळखता येते. तीच माझी उपजीविका होती.

लेकीने निळे पाकीट उचलले, पैसे दिले आणि पिशवीत टाकले. रस्त्याने तिने अटीचे नाव काढले नाही. काढणारही नव्हती, असे वाटते. घराशी आल्यावर मीच म्हणालो, "महिना संपायचा आहे. पण अट पुरी झाली."

"बाबा, राहू द्या ना."

"नाही. शब्दकोशांच्या मागे आणखी दोन आहेत."

२ मार्च

आवराआवर. जावई दोन दिवस रजा घेऊन आले. भला माणूस, बोलतो अशुद्ध, पण खोके व्यवस्थित बांधतो. "बाबा, शब्दकोश किती घ्यायचे?" "सगळे." "आमच्याकडे ते एवढे मावणार नाहीत." "मग तुम्ही एक माणूस कमी करा." ते खूप हसले. मी विनोद केला नव्हता.

स्वयंपाकघर लेकीने एकटीने आवरले. मला आत येऊ दिले नाही. दाराआडून पातेल्यांचे आवाज येत होते. एकदा बराच वेळ आवाज आला नाही.

मी जाणतो, पाकिटे मी आणली. दुरुस्त्या मी केल्या. हिच्या कपातला चहाही मीच प्यायलो असणार. हे सर्व मला मान्य आहे. मान्य करून झाल्यावरही मी आज दाराला कुलूप लागताना मागे वळून आत पाहिले. कोणी आत राहिले तर नाही ना, म्हणून.

हिला लिफ्टची भीती वाटते. लेक सातव्या मजल्यावर राहते.

८ मार्च

येथे सगळे उत्तम आहे. खोली हवेशीर. सामान घरपोच येते. लेक फोनवर बोट फिरवते आणि संध्याकाळी माणूस पेटी ठेवून जातो. सर्व माल रसायनांविना पिकवलेला, सर्वांत महागडा, सोनेरी पाकिटालाही मागे टाकणारा. घरी आला की जावई तो काचेच्या बरण्यांत ओततात आणि पाकिटे टाकून देतात. बरण्यांवर काही लिहिलेले नाही. या स्वयंपाकघरात वाचण्यासारखे काही नाही.

मला एकट्याने खाली जाऊ देत नाहीत. डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या आहेत. डॉक्टरांनी मला आज कोणता वार, ते विचारले. मी वार सांगितला आणि 'वार' या शब्दाचे इतर अर्थही सांगितले. त्यांनी काहीतरी लिहून घेतले.

चहा छान होतो. कशाचाच वास येत नाही.

११ मार्च

लेकीने सकाळी विचारले, "बाबा, झोप लागते ना?"

मी म्हणालो, "लागते. घर फार शांत आहे."

"म्हणजे बरंच की."

"तिला शांतता आवडत नसे," मी म्हणालो.

लेक कणीक मळत होती. तिचे हात थांबले. मी काय बोललो ते मला ती थांबल्यावर कळले. मी 'तिला' म्हणालो होतो. व्याकरणदृष्ट्या बरोबर. मेहुणीला कळवायला हरकत नाही. मी खोलीत आलो आणि दार लावून घेतले. संध्याकाळपर्यंत उघडले नाही.

१४ मार्च

काल लेकीला ऑफिसातून यायला उशीर झाला. जावयांनी विचारले, "इतका?" ती म्हणाली, "वाटेत एक काम होतं." जावई म्हणाले, "तू तर पार उलट्या बाजूने आलीस, खिडकीतून दिसलं. तुझ्या ऑफिसाची बस तिकडून येतच नाही." तिने त्यांच्याकडे असे पाहिले की ते ताटे घ्यायला उठले. नवरा-बायकोच्या बोलण्यात मी पडत नाही.

आज सकाळी स्वयंपाकघरात गेलो. बिननावाच्या बरण्यांच्या रांगेत शेवटी निळे पाकीट उभे होते. 'शुध्द चहा'. दुरुस्ती नव्हती. द आणि ध जागा बदलून बसलेले, छापले तसेच.

मी माझ्या बोटांकडे पाहिले. शाई नव्हती. जावयांना विचारले. काल मी घराबाहेर पाऊल टाकले नाही, असे ते शपथेवर सांगायला तयार आहेत, कारण ते दिवसभर पुढल्या खोलीत बसून काम करीत होते. त्यांनी स्वतः आणलेले नाही. आणि हे पाकीट फोनवर मिळत नाही, ते एकाच दुकानात मिळते, ते दुकान येथून फार लांब आहे.

लेक शेगडीशी पाठ करून उभी होती. दोन पातेली मांडलेली होती. तिने न वळता विचारले, "बाबा, तुमच्यासाठी कोणता टाकू?"

तिला मी काहीही विचारले नाही.

"आधी हिचा टाक," मी म्हणालो.

१५ मार्च

या वहीतल्या आणि लेकीच्या मजकुरातल्या तारखा पुढीलप्रमाणे सुधारून वाचाव्यात.

२१ ऑक्टोबर: ही गेली. तारीख बरोबर. लेकीने 'गेल्या पासून' असे तोडून लिहिले, ते चूक. 'तीन महिने' लिहिले, ते माझ्या २७ जानेवारीपेक्षा खरे.

डिसेंबर, तारीख अज्ञात: नव्या बाईसमोर 'हिचं राहिलं' असे मी प्रथम म्हणालो. या वहीत नोंद नाही.

२७ जानेवारी: 'पहिले निळे पाकीट आढळले' याऐवजी 'पहिले निळे पाकीट मला आढळले; आणलेले मीच' असे वाचावे.

६ फेब्रुवारी: 'आणले गेले आहे' हे वाक्य रद्द.

१८ फेब्रुवारी: 'मीठ.' याऐवजी 'मीठ मी आणले.' पेन मी उघडे टाकले.

२१ फेब्रुवारी: 'पुन्हा चहा आला आहे' याऐवजी 'पुन्हा चहा मी आणला.' दोन्ही कप माझे.

२ मार्च: घर सोडले. 'मी' घालावा.

१४ मार्च: चहा आणला. कर्ता घालू नये. जसे आहे तसे ठेवावे.